आम्ल, आम्लारी आणि नीराकाठची जमीन

शास्त्रातील व्याख्या म्हटली की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे परीक्षेची आदली रात्र उभी राहते. व्याख्या पाठ करावयाची, उत्तरपत्रिकेत उतरावयाची आणि मग विसरून जावयाची, असा आपला एक समज होऊन बसला आहे. तो कितपत खरा आहे हे पाहण्यासाठी आज मी रसायनशास्त्रातील एक जुना प्रश्न निवडला आहे. आम्ल कशास म्हणावे, आणि त्याचे प्रतिपक्षी जे आम्लारी, ते कशास म्हणावे? ह्या प्रश्नास गेल्या अडीचशे वर्षांत निरनिराळ्या पंडितांनी निरनिराळी उत्तरे दिली, आणि त्यांपैकी बरीच आजही कामास येतात. ती पारखून पाहण्यासाठी युरोपातील प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांतील माती, तेथील उसाचा रस आणि आपल्या स्वयंपाकघरातील हळद, एवढे साक्षीदार पुरेसे आहेत.

आरंभीच एका शब्दाचा निकाल लावला पाहिजे. तो शब्द म्हणजे 'क्षार'. सुश्रुतसंहितेत क्षार तयार करण्याची कृती दिलेली आहे. विशिष्ट वनस्पतींची राख पाण्यात कालवावी, ते पाणी गाळून आटवावे, त्यात भाजलेल्या चुनखडीची आणि शिंपल्यांची पूड घालावी, आणि सिद्ध झालेला पदार्थ लोखंडी भांड्यात ठेवावा. त्याचे मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे प्रकार सांगितले असून, त्याने होणारा दाह आंबट पदार्थाने शमतो, असेही तेथे नमूद आहे. म्हणजे शस्त्रवैद्याचा क्षार हा दाहक पदार्थ होता. आपल्या शाळेतील पुस्तकात मात्र आम्ल व आम्लारी ह्यांच्या संयोगापासून जे निपजते त्यास क्षार म्हणतात, आणि त्याचे उदाहरण म्हणून निरुपद्रवी मीठ पुढे केले जाते. एकाच शब्दाने वैद्य जे सांगतो त्याहून विद्यार्थी अगदी वेगळे समजतो. मग शेतकरी जेव्हा 'रानात क्षार फुटला' असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनातील क्षार ह्या दोहोंपैकी कोणता? ह्या प्रश्नाच्या उत्तरावर एखाद्या शेताचे भवितव्य अवलंबून असते, हे पुढे दिसेलच. तूर्त घोटाळा नको म्हणून मिठासारख्या पदार्थास मी लवण म्हणेन, आम्लाच्या प्रतिपक्षास आम्लारी म्हणेन, आणि पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीस अल्क म्हणेन.

सर्वांत जुनी व्याख्या जिभेची. चिंच, लिंबू, आमसूल, आंबलेले ताक ह्यांची चव आंबट. सबब त्यांत आम्ल. चुना आणि पापडखार ह्यांची चव कडवट आणि पाण्यातील स्पर्श बुळबुळीत. सबब ते त्यांच्या उलट. ही व्याख्या स्वयंपाकघरात ठीक आहे. पण गंधकाच्या तेजाबाची परीक्षा जिभेने कोण घेणार? म्हणून डोळ्यांची मदत घ्यावी लागली. आपल्याकडील गृहिणींना ही परीक्षा न शिकविता ठाऊक आहे. आमटीचा पिवळा डाग पडलेल्या धोतरास साबण लावला की डाग लाल होतो, आणि त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा होतो. हळदीत चुना किंवा टाकणखार मिसळून कुंकू करण्याची जुनी रीत ह्याच गुणावर उभारलेली आहे. युरोपात सतराव्या शतकात रॉबर्ट बॉईल ह्याने फुलांच्या रसाने आम्लाची परीक्षा केली. आणि प्रयोगशाळेतील लिटमस हा रंग तर आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफुलाच्या जातकुळीतल्या वनस्पतींपासून निघतो.

परंतु चव आणि रंग ही लक्षणे झाली. आम्ल काय करते हे त्यांनी कळते, ते तसे का करते हे कळत नाही. कारणाचा शोध लव्हॉझिए ह्या फ्रेंच रसायनज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस घेतला. गंधक किंवा फॉस्फरस जाळून झालेला पदार्थ पाण्यात विरघळविला की आम्ल मिळते. तेव्हा ज्या वायूत ते जळतात त्या वायूतच आम्लपणा असला पाहिजे, असे त्यास वाटले. त्याने त्या वायूस दिलेल्या ऑक्सिजन ह्या नावाचा अर्थच 'आम्ल उत्पन्न करणारा' असा आहे. पुढे १८१० मध्ये इंग्लंडातील हम्फ्री डेव्ही ह्याने दाखवून दिले की, मिठापासून निघणाऱ्या तेजाबात ऑक्सिजनचा लेशही नाही. १८३८ मध्ये जर्मनीतील लीबिग ह्याने आम्लपणाचा मान हायड्रोजनकडे दिला, आणि तोही ज्याची जागा धातू घेऊ शकतो अशाच हायड्रोजनकडे. ऑक्सिजनचे नाव तेवढे चुकीचे राहिले. भाषेत असे चालतेच.

ह्यानंतर येतो स्वीडनचा स्वांते अर्‍हेनियस. १८८४ मध्ये त्याने उप्साला येथे जो प्रबंध सादर केला, त्यास परीक्षकांनी फारशी चांगली श्रेणी दिली नाही. पण त्याच विचारासाठी १९०३ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे म्हणणे असे की, मीठ, आम्ल किंवा अल्क पाण्यात विरघळले म्हणजे त्याचे विद्युत्भारित कण सुटे होतात. ह्या कणांस आयन म्हणतात. पाण्यात धनभारित हायड्रोजन आयन सोडते ते आम्ल, आणि हायड्रोजन व ऑक्सिजन मिळून झालेला ऋणभारित हायड्रॉक्साइड आयन सोडतो तो आम्लारी. दोहोंची गाठ पडली की हे दोन आयन मिळून पाणी होते, आणि मागे उरते ते लवण. आम्लाचा व अल्काचा संयोग होताना भांडे गरम होते, हे विद्यार्थ्यांनी पाहिलेले असते. तीव्र आम्ल कोणतेही घ्या आणि तीव्र अल्क कोणताही घ्या, तितक्याच पाण्याच्या उत्पत्तीबरोबर निघणारी उष्णता जवळजवळ तितकीच भरते. अनेक पदार्थांच्या अनेक जोड्या, पण घडणारी घटना एकच, हे ह्या व्याख्येने प्रथम नीट समजाविले.

ह्याच व्याख्येवर आम्लपणाची मोजपट्टी उभारली गेली. १९०९ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन ह्याने ती तयार केली. मद्य आंबविण्याच्या धंद्याशी निगडित असलेल्या ह्या प्रयोगशाळेत आम्लतेचे अचूक मोजमाप करणे अगत्याचे होते. ह्या मोजपट्टीस पीएच म्हणतात. आपल्याकडील कृषिपंडितांनी तिला 'सामू' असे सुटसुटीत नाव दिले आहे. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. मात्र येथे एक आकडा सरकला की दसपट फरक पडतो. सामू ६ असलेल्या द्रावणापेक्षा सामू ५ असलेले द्रावण दहा पट आम्ल, आणि ४ असलेले शंभर पट. मोरोपंतांच्या बारामतीस मात्रा काटेकोर मोजण्याची परंपरा नवी नाही. परंतु आर्येतील मात्रा एकेक करून वाढतात, सामूच्या मात्रा मात्र दहादहा पटींनी वाढतात, एवढे ध्यानात ठेवावे.

आता त्याच बारामतीच्या शिवारात जाऊ. हा मुलूख अवर्षणाचा. वर्षास जेमतेम २० इंच पाऊस, आणि तोही बेभरवशाचा. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा नदीच्या डाव्या तीरावरील कालवा तयार झाला, आणि १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी बारामती व इंदापूर तालुक्यांकडे खेळू लागले. भाटघरच्या धरणाने त्यास बारमाही आधार दिला. जेथे ज्वारी-बाजरीची चिंता होती तेथे ऊस उभा राहिला. परंतु भारी काळ्या जमिनीत पाणी मुरते हळू आणि निघून जाते त्याहून हळू. भरमसाट पाणी दिल्याने जमिनीखालील पाण्याची पातळी वर येऊ लागली. ते पाणी आपल्याबरोबर विरघळलेली लवणे वर आणी. उन्हाने पाणी उडून जाई आणि लवणे पृष्ठभागावर राहत. उसाची हिरवी राने थोड्याच वर्षांत पांढुरकी दिसू लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या ह्यांनी पुणे भागात अभियंता असताना नीरा कालव्यावर पाळीपाळीने व गटागटाने पाणी देण्याची 'ब्लॉक' पद्धत सुरू केली, तिच्या मागे पाणी अधिकांस मिळावे ह्याबरोबरच ते जमिनीत अति होऊ नये, हाही हेतू होता.

ह्या बिघडलेल्या जमिनींचा रासायनिक अभ्यास पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रमुख डॉ. हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे ह्यांनी केला. नीरा खोऱ्यातील लवणयुक्त जमिनींविषयीची त्यांची पुस्तिका १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने प्रसिद्ध केली. पुढे नीरेपलीकडील पाडेगाव येथे १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र निघाले, आणि तेथील बसू व तगारे ह्यांनी १९४३ मध्ये दख्खनच्या कालव्यांवरील अल्कधर्मी जमिनींचे स्वरूप आणि त्यांची निगा ह्यांवर महत्त्वाचा निबंध लिहिला. ह्या सर्व अभ्यासातून पुढे आलेली मुख्य गोष्ट अशी की, वरून सारखी दिसणारी ही बिघडलेली जमीन एका जातीची नाही. एक खारवट. तिच्यात साध्या लवणांचा साठा झालेला असतो. वर पांढरा थर येतो, पण माती भुसभुशीत राहते. दुसरी चोपण. ती ओली असता चिखलासारखी चिकट, वाळली असता दगडासारखी टणक. तिच्यावर पाणी घातले तर ते मुरत नाही, डबके होऊन उभे राहते. आजच्या शास्त्रीय वर्गीकरणात केवळ खारवट जमिनीचा सामू ८.५ च्या खाली असतो, आणि चोपण जमिनीचा त्याच्या वर, कधीकधी १० च्या घरात.

चोपण जमिनीत हा अल्कपणा कोठून आला? तेथे कोणी दाहक सोडा नेऊन टाकलेला नसतो. पृथक्करणात सापडतो तो सोडियम कार्बोनेट, म्हणजे परटाचा धुण्याचा सोडा, आणि त्याचा भाऊ सोडियम बायकार्बोनेट. येथे अर्‍हेनियसच्या व्याख्येची पंचाईत होते. धुण्याच्या सोड्यात हायड्रॉक्साइड मुळीच नाही. कुळाने पाहिले तर तो लवणच. आम्ल व अल्क ह्यांच्या संयोगाने झालेला. तरी त्याचे द्रावण हळदीस लाल करते, बोटांना बुळबुळीत लागते आणि सामू ११ च्या आसपास दाखविते. कूळ लवणाचे आणि वर्तन अल्काचे! अर्‍हेनियसच्या अनुयायांनी ह्याची उपपत्ती लावली खरी. पाण्याशी प्रक्रिया होऊन हायड्रॉक्साइड मागाहून उत्पन्न होतो, असे त्यांनी सांगितले. परंतु मग आम्लारीपण सोड्याच्या अंगी आहे की पाण्याच्या, हा प्रश्न उरलाच.

अमोनियाचीही तीच गोष्ट. अमोनियात हायड्रॉक्साइड नाही. तरी अमोनियाची व मिठाच्या तेजाबाची अशा दोन उघड्या बाटल्या शेजारी ठेवल्या तर त्यांच्या वाफा हवेतच एकमेकींस भेटतात आणि नवसागराचा पांढरा धूर निघतो. ह्या भेटीत पाण्याचे मध्यस्थत्व लागत नाही. मग केवळ पाण्यातील आयनांवर आधारलेली व्याख्या येथे कशी लावावी?

१९२३ मध्ये डेन्मार्कचा ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडचा लोरी ह्यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ही अडचण दूर केली. त्यांनी पदार्थाचे कूळ न पाहता त्याचा व्यवहार पाहिला. हायड्रोजनच्या अणूतून त्याचा एकुलता इलेक्ट्रॉन निघून गेला की जो कण उरतो तो प्रोटॉन. जो प्रोटॉन देतो तो आम्ल. जो घेतो तो आम्लारी. एवढीच व्याख्या. देणारा आणि घेणारा अशी जोडी हवीच. ऋण देणारा कोणी नसता ऋण घेता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. एकदा प्रोटॉन दिल्यावर देणाऱ्याचे जे उरते तेही तो परत घेऊ शकते, म्हणून प्रत्येक आम्लाच्या पोटी एक आम्लारी आणि प्रत्येक आम्लारीच्या पोटी एक आम्ल असते. मिठाचे तेजाब अमोनियास प्रोटॉन देते, पाणी मध्ये असो वा नसो. आणि धुण्याच्या सोड्यातील कार्बोनेट आयन पाण्याकडून प्रोटॉन घेतो. येथे पाणी आम्ल ठरते, आणि त्याच्या हातून प्रोटॉन गेल्यावर जो उरतो तोच तो हायड्रॉक्साइड. व्हिनेगारासमोर आम्लारी असणारे पाणी सोड्यासमोर आम्ल होते. ज्यास आपण लवण म्हणून निरुपद्रवी समजत होतो ते कार्बोनेट स्वतःच आम्लारी आहे, हे ह्या व्याख्येने स्वच्छ झाले.

चोपण जमिनीचे दुखणे समजण्यास हाच विचार पाहिजे. काळ्या मातीचे सूक्ष्म कण ऋणभारित असतात आणि ते धनभारित आयनांस धरून ठेवतात. कॅल्शियमवर दोन भार असतात. तो कणांस एकत्र बांधतो, माती रवाळ राहते आणि तिच्या पोकळ्यांतून पाणी व हवा खेळते. सोडियमवर एकच भार असतो. तो कणांस धरून ठेवू शकत नाही, ते सुटे होतात आणि पोकळ्या बुजवून टाकतात. आता पाण्यातून कार्बोनेट व बायकार्बोनेट आले की ते कॅल्शियमला गाठून त्याची चुनखडी करतात. चुनखडी विरघळत नाही. म्हणजे कॅल्शियम असून नसल्यासारखा होतो, आणि मातीच्या कणांवर सोडियमचे राज्य सुरू होते. म्हणूनच पुष्कळ चोपण रानांत चुनखडीचे खडे भरपूर सापडतात आणि तरीही माती कॅल्शियमवाचून उपाशी असते.

येथे व्याख्येतील चूक शेतकऱ्यास रोकडीने भरावी लागते. रान केवळ खारवट असेल तर चर काढून पाण्यास वाट करून द्यावी आणि गोड्या पाण्याने लवणे धुऊन काढावी. एवढ्याने काम भागते. तेथे औषधे टाकण्यात पैसा व्यर्थ जातो. परंतु रान चोपण असताना त्यास खारवट समजून नुसते पाणी भरले तर विरघळलेली लवणे काही प्रमाणात निघून जातात, मातीस चिकटलेला सोडियम मात्र तेथेच राहतो. लवणांच्या दाट द्रावणात जे कण थोडेफार एकत्र राहिले होते, ते पातळ पाण्यात अधिकच फुटतात आणि जमीन पूर्वीपेक्षा अधिक मिटते. म्हणजे जो उपाय एका रानास तारतो तोच दुसऱ्यास मारतो, आणि दोन्ही रानांत 'क्षार फुटला' असेच म्हटले जाते.

चोपणीचा खरा उपाय जिप्सम. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. माती-परीक्षणाने त्याचे प्रमाण ठरवून ते वरच्या थरात मिसळतात, मग पाणी देतात. कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, आणि सुटलेला सोडियम सल्फेटाच्या रूपाने चरांवाटे निघून जातो. चर नसतील तर तो जातो कोठे? म्हणून दोन्ही जातींच्या जमिनींत निचरा हा पहिला. त्यानंतर ताग किंवा धैंचा ह्यांचे हिरवे खत. जमिनीत चुनखडी मुबलक असेल तर गंधकही चालते. मातीतील सूक्ष्म जंतू त्याचे गंधकाम्ल करतात, ते आम्ल चुनखडीस विरघळविते आणि जिप्सम जागच्या जागी तयार होते.

पण येथे एक चमत्कारिक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. जिप्सम स्वतः आम्ल नाही. त्याच्यात देण्यास प्रोटॉन नाही, आणि त्याचे द्रावण जवळजवळ उदासीन असते. मग आम्ल न घालता अल्कपणा कमी कसा झाला? ह्याचे उत्तर मिळण्यापूर्वी आपणांस शेतातून कारखान्यात गेले पाहिजे.

इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर वालचंदनगर वसले ते गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात. पुढे ह्या दोन तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर असे सहकारी कारखाने उभे राहिले. पिळून काढलेला उसाचा रस किंचित आम्ल असतो. त्याचा सामू साधारणपणे ५ ते ५.५. तो तसाच तापविला तर हायड्रोजन आयनांच्या योगाने साखरेचे विघटन होऊन तिची द्राक्षशर्करा व फलशर्करा बनते, आणि त्यांचे दाणे पडत नाहीत. आम्लाच्या योगाने उसाच्या साखरेचे होणारे हे विघटन किती वेगाने होते आणि उष्णतेने तो वेग कसा वाढतो, ह्यावरच अर्‍हेनियसने १८८९ मध्ये आपला दुसरा प्रसिद्ध सिद्धांत मांडला. तेव्हा आपल्या कारखानदारांचे आणि त्या स्वीडिश पंडिताचे नाते वाटते त्याहून जवळचे आहे. उलट, चुना अधिक पडून रस अल्क झाला तर त्यातील इतर शर्करा नासतात आणि रस काळवंडतो. दोन्ही बाजूंस खड्डा आहे. म्हणून रस तापवून त्यात एकीकडून चुन्याचे दूध आणि दुसरीकडून गंधक जाळून केलेला सल्फर डायॉक्साइड वायू सोडतात, आणि सामू ७ च्या किंचित वर राखतात. चुना व वायू ह्यांचा कॅल्शियम सल्फाइट होतो. तो खाली बसताना रसातील मळ बरोबर घेऊन जातो. आपल्या चहातील साखरेचा शुभ्रपणा आम्ल व आम्लारी ह्यांच्या ह्या तोलावर अवलंबून आहे.

रसात भरपूर पाणी असल्याने ह्या क्रियेस अर्‍हेनियसची व्याख्या पुरते. पण समजा, पाणी मुळीच नाही, आणि कोरडा भाजलेला चुना व तोच वायू तापवून एकत्र आणले. तरीही कॅल्शियम सल्फाइट होते. येथे हायड्रोजनच नाही. म्हणून प्रोटॉन देण्याघेण्याची गोष्टही नाही. तरी चुन्यास आम्लारी आणि वायूस आम्ल न म्हणणे मनास पटत नाही. आताच रसात त्यांनी हेच काम केलेले आपण पाहिले! अमेरिकेतील गिल्बर्ट न्यूटन ल्युइस ह्याने, त्याच १९२३ सालात, ह्याहून व्यापक व्याख्या सुचविली. बंध जोडण्यासाठी जो आपली इलेक्ट्रॉनांची जोडी पुढे करतो तो आम्लारी. जो ती स्वीकारतो तो आम्ल. चुन्यातील ऑक्सिजन जोडी देतो, वायूतील गंधक ती घेतो. प्रोटॉन स्वतःही असाच जोडीचा भुकेला आहे. म्हणून जुनी सर्व उदाहरणे ह्या व्याख्येत बसतात, आणि नवी कितीतरी अधिक.

आता जिप्समचे कोडे उलगडते. कॅल्शियमचा आयन इलेक्ट्रॉनांच्या जोड्या स्वीकारणारा, म्हणजे ल्युइसच्या दृष्टीने आम्ल. कार्बोनेट जोड्या देणारा, म्हणजे आम्लारी. दोहोंची चुनखडी झाली की कार्बोनेट पाण्याकडून प्रोटॉन घेण्यास मोकळा राहत नाही आणि सामू उतरतो. अमेरिकेच्या पिअर्सन ह्याने १९६३ मध्ये ल्युइसच्या आम्लांचे व आम्लारींचे कठीण आणि मृदू असे वर्ग पाडले. त्याच्या नियमाप्रमाणे कठिणाचे कठिणाशी जमते, आणि कॅल्शियम व कार्बोनेट हे दोघेही कठीण वर्गातले. शेतकऱ्याने रानात जिप्सम टाकले म्हणजे प्रोटॉनावाचून आम्ल टाकले, असे रसायनज्ञ म्हणू शकतो. इतकेच काय, कारखान्यात चुना व गंधकाच्या वायूपासून जो गाळ निघतो, ज्यास प्रेसमड म्हणतात, तोही चोपण रानास मानवतो. कारण त्यातील कॅल्शियम सल्फाइटाचे हवेत हळूहळू सल्फेट, म्हणजे जिप्समच, होत असते. नीराकाठच्या उसातून निघालेला मळ नीराकाठच्या जमिनीचे औषध होतो, हा हिशेब मोठा समाधानकारक आहे.

मग खरी व्याख्या कोणती? पूर्वी सोनार गुंजेने तोली आणि भुसारी मणाने. दोघांपैकी कोणाचेही माप खोटे नव्हते, पण सोनाराच्या दुकानी मणाचे वजन उपयोगी नव्हते. पाण्यातील द्रावणाचे मोजमाप करावयाचे असेल तर अर्‍हेनियस आणि सोरेन्सन. लवण अल्कासारखे का वागते हे जाणावयाचे असेल तर ब्रॉन्स्टेड आणि लोरी. पाणी व प्रोटॉन ह्यांच्या पलीकडे जावयाचे असेल तर ल्युइस. १९३९ च्या सुमारास उसानोविच ह्या रशियन पंडिताने ह्याहूनही मोठे जाळे विणले. त्यात लोखंडाचे गंजणेदेखील सापडू लागले. पण सर्वच मासे ज्यात येतात ते जाळे मासे निवडण्याच्या कामाचे राहत नाही. म्हणून ती व्याख्या फारशी रुळली नाही. व्याख्या किती मोठी आहे ह्यापेक्षा ती कोणते दोन पदार्थ एकमेकांपासून वेगळे करून दाखविते, हे पाहावे.

आणि नीराकाठी वेगळे करून दाखविण्याची ही गरज संपलेली नाही. कालव्याच्या पाण्याबरोबर चोपणीचा प्रश्नही अजून तेथे आहे. बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. दुष्काळ, उष्णता, लवण अशा निर्जीव कारणांनी पिकांवर येणाऱ्या संकटांचा विचार तेथे होतो. माती-परीक्षणाच्या कागदावर सामू, विद्राव्य लवणांचे प्रमाण आणि मातीस चिकटलेल्या सोडियमचा अंश असे तीन निरनिराळे आकडे असतात. पहिला आम्लारीविषयी सांगतो, दुसरा लवणाविषयी, आणि तिसरा मातीच्या कणांवर कोणाचे राज्य आहे त्याविषयी. ह्यांपैकी एकाच आकड्यावरून निर्णय करणे म्हणजे पुन्हा 'क्षार' ह्या एका शब्दात सर्व काही कोंबणे होय.

आपणांपैकी बहुतेकांस शेत नसेल. पण गावाकडे कोणी काका, मामा किंवा भाऊबंद असेलच. 'रानात क्षार फुटलाय' असे त्याच्या पत्रात किंवा बोलण्यात आले तर त्यास एवढेच विचारा, की क्षार म्हणजे खारवटपणा की चोपण? माती तपासून घेतली आहे काय? त्या उत्तरावरून चर खणावयाचे की चरांबरोबर जिप्समही आणावयाचे हे ठरेल, आणि शाळेत पाठ केलेल्या व्याख्येचे चीज होईल.